पहिल्या बर्फाचा मान

कोकरेवाडीत ऊन सोडून दुसरं काही भरवशानं पिकत नव्हतं, आणि उन्हाला कुठल्याच बाजारात भाव नव्हता. त्यामुळं पुण्याचे प्रोफेसर जीप घेऊन आले आणि म्हणाले, "आम्हाला तुमचं ऊन साठवायचं आहे," तेव्हा गावानं त्यांना आधी चहा पाजला आणि मग त्यांच्या ड्रायव्हरला बाजूला घेऊन विचारलं, की साहेबांच्या घरी सगळं ठीक आहे ना.

साल अठ्ठ्याहत्तर. तेल महागलं होतं आणि शहाण्या माणसांचं लक्ष सूर्याकडं गेलं होतं. प्रोफेसरांचं यंत्र खरं म्हणजे शिरूरकडच्या एका गावात बसायचं होतं. पण तिथल्या दोन्ही पार्ट्यांना ते आपल्याच रानात हवं होतं, म्हणून ते एक अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली पडून राहिलं आणि मग भीमा ओलांडून दौंड तालुक्यात आलं. कासुर्डीहून खुटबावकडं जाताना डाव्या हाताला जो उघडाबोडका माळ लागतो, तो कोंडिबा कोकऱ्याचा. त्यावर झाड नाही, झुडूप नाही, सावली म्हणून कोंडिबाचीच काय ती. प्रोफेसर त्या माळावर उभे राहिले, घाम पुसला आणि म्हणाले, "उत्तम." त्या माळाला आजवर कोणी उत्तम म्हटलं नव्हतं. कोंडिबानं तिथल्या तिथं जागा देऊन टाकली.

चावडीपुढं प्रोफेसरांनी काटकीनं मातीत चित्र काढून सगळं समजावलं. चकचकीत पत्र्याचा अर्धगोल, त्याच्या मधोमध काळा नळ, नळात अमोनियाचं पाणी. दिवसभर ऊन नळाला तापवणार, अमोनिया पाण्यातून उठून पलीकडच्या टाकीत जाऊन बसणार. संध्याकाळी चाक फिरवलं की तो परत आपल्या पाण्याकडं निघणार, आणि जाता जाता लाकडी पेटीतली सगळी ऊब ओढून नेणार. सकाळी पेटीत बर्फ.

"म्हंजी दिवसाचं ऊन, त्येचा रातच्याला बर्फ?" सरपंच सर्जेरावांनी विचारलं.

"अगदी बरोबर. ऊन अमोनियात साठतं. तुम्ही युरिया टाकता ना पिकाला? त्यातला नत्र आणि ह्यातला नत्र एकच."

"मग पोतंभर युरियाच वता की नळात. लई बर्फ व्हईल."

लोक हसले. प्रोफेसरही हसले, पण शिरूरच्या पार्ट्यांना असं हसवायचं त्यांना सुचलं नव्हतं, याचं थोडं वाईट वाटल्यासारखं दिसलं.

यंत्र जोडलं त्या दिवशी एका सांध्यातून अमोनिया जरासा सुटला. डोळ्यांत सुई टोचावी तसा वास. बघायला जमलेलं गाव उपरणी तोंडाला लावून पळालं. कोंडिबा एकटा जागचा हलला नाही. उलट त्यानं नाक पुढं केलं.

"ह्यात काय नवं हाय? मेंढरं कोंडायच्या वाडग्यातला सकाळचा वास हाय ह्यो. मेंढरांच्या मुताचा."

गुडघे जाईपर्यंत कोंडिबानं मेंढरं राखली होती. दर पावसाळा सरला की कोकणात उतरायचं, आणि परतताना खुटबावच्या बागायतदारांच्या रानात कळप बसवायचा. कळप रात्रभर मुतायचा आणि शेतकरी त्याबद्दल धान्य द्यायचे. प्रोफेसरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आजोबा, तुम्ही जन्मभर नत्राचंच काम केलंत." कोंडिबानं हे वाक्य पाठ केलं. पुढं आठवडाभर तो ज्याला त्याला सांगत होता, की पुण्याचं साहेब म्हणालं, कोंडिबा, तू आन् मी एकाच खात्यात.

बर्फ झाला. खरोखर झाला. पावाच्या लादीएवढा, दुधट, कडेनं भेगाळलेला. आणि तो झाला त्याच सकाळी गावापुढं प्रश्न उभा राहिला, की पहिल्या बर्फाचा मान कुणाचा.

कोकरेवाडीत मानाशिवाय काही पेटत नसे, फुटत नसे आणि कापलं जात नसे. होळी कुणी पेटवायची, पोळ्याला कुणाचा बैल पुढं, जत्रेत पहिला नारळ कुणाचा, हे सगळं आजोबा-पणजोबांनी डोकी फोडून ठरवून ठेवलेलं. पण त्यांच्यातल्या एकालाही बर्फ सुचला नव्हता. पहिली लादी घमेल्यात ठेवून बिरोबाच्या देवळात बैठक बसली. सर्जेराव म्हणाले, मान गावच्या कारभाऱ्याचा. पुजारी म्हणाला, देवाचा. कोंडिबा म्हणाला, "रान माजं, वास मी सोसतो, चाक मी फिरवतो." बैठक रंगात आली. कुणाचा तरी आजा कुणाच्या तरी आज्याला काय म्हणाला होता, इथपर्यंत गाडी गेली, आणि मग कुणीतरी घमेल्यात बघितलं तर पाणी. ते पाणी कुणी प्यायचं यावर पुन्हा वाद झाला, आणि शेवटी ते रखमाजीच्या म्हशीनं प्यालं.

निकाल असा लागला: पहिला तुकडा बिरोबाला, दुसरा सरपंचांना, तिसरा जागेचा मालक म्हणून कोंडिबाला. मग काही उरलंच तर गावाला. देव पितळी ताटात पहिला तुकडा ठेवून घेई आणि दुपारपर्यंत त्याचं तीर्थ करी. सर्जेराव आपला तुकडा सरबतात घालत. कोंडिबाच्या वाट्याला लिंबाएवढा खडा येई. तो तांब्यात टाकून कोंडिबा पेटीसाठी बांधलेल्या पत्र्याच्या शेडच्या दारात उभा राही, रस्त्यावरनं जाणाऱ्या येणाऱ्याला दिसेल असा, आणि घोट घोट पिई. साठी उलटलेल्या कोंडिबाला गावानं त्याआधी कधी कुठल्याच ओळीत तिसरं उभं केलं नव्हतं. मानाच्या ओळीत मेंढपाळ असलेच तर शेपटाला, आणि बऱ्याचदा शेपूट संपल्यावर.

त्याची बायको ताईबाई म्हणायची, "आवं, खडं चोखून पोट भरतंय का?"

"तुला न्हाई कळायचं. त्यो थंडपणा येगळा असतो."

शिमग्याच्या सुमाराला सर्जेरावांचा मोत्या पिसाळला. म्हणजे गावाला तसं दिसत होतं. पण कुत्रं सरपंचांचं असल्यामुळं ते पिसाळलं असं म्हणायला कोणी धजेना. त्याचं डोकं फिरलंय, उन्हानं तापलंय, नाराज आहे, असं चाललेलं. नाराज मोत्या चाक फिरवायला निघालेल्या कोंडिबाच्या पोटरीला लोंबकळला आणि मांस घेऊनच सुटला. कोंडिबानं जखमेत चुना भरला. दोन दिवसांनी मोत्या लाळ गाळत, तंगड्या ओढत रखमाजीच्या गोठ्यामागं मेला, तेव्हा त्याच्या नाराजीचं कारण सगळ्यांना एकदम पटलं.

कोंडिबाला रस्त्यावरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण, पुण्याचा, बदलीची वाट बघणारा. त्यानं पोटरी बघितली, कुत्र्याचं काय झालं ते विचारलं आणि गंभीर झाला.

"पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील. रोज एक. एकही चुकवायचं नाही."

"आन् न्हाई घेतली तर?"

"तर मराल. तहान लागेल आणि पाणी पिता येणार नाही. ह्या रोगावर नंतर औषध नाही, कोंडिबा. जे काय आहे ते आधीच."

एवढं सरळ कोंडिबाशी कुणी बोललं नव्हतं. त्यानं मान हलवली.

अडचण एकच होती. औषध बर्फात ठेवावं लागे. दवाखान्यात फ्रिज होता, लाईटही होती, फक्त दोघांची गाठ क्वचित पडे. गेल्या खेपेच्या बाटल्या अशाच तापून वाया गेल्या होत्या. डॉक्टर विचारात पडला, आणि मग त्याचं तोंड उजळलं. "अरे, तुमच्याच रानात तर बर्फाचं यंत्र आहे! तिथं ठेवू. आमचा कंपाउंडर रोज सायकलवर येऊन टोचून जाईल." पुण्याहून थर्मासमधून आलेल्या बाटल्या त्यानं कोंडिबाच्या हातात दिल्या आणि दोनदा बजावलं, "गार राहिलं तर औषध. तापलं तर नुसतं पाणी. लक्षात राहील?"

"ऱ्हाईल की. माजाच जीव हाय."

कंपाउंडर मच्छिंद्र. तो जवळच्याच गावच्या बौद्धवाड्यातला. म्हणजे लोक तोंडावर बौद्धवाडा म्हणत आणि पाठ वळली की जुन्या नावानं. पांढरा शर्ट, खिशाला निळं पेन, सायकलच्या हँडलला बाबासाहेबांचा छोटा फोटो. सुई टोचण्यात त्याचा हात हलका होता, आणि जीभ तेवढी हलकी नव्हती.

पहिल्या दिवशी तो आला, कोंडिबाला माळावर उताणा झोपवला आणि सुई भरता भरता म्हणाला, "आबा, हे औषध कशातनं काढत्यात ठाऊक हाय का? मेंढराच्या मेंदूतनं."

"काय सांगतो!"

"व्हय. जलमभर मेंढरं राखली, आता येक तुमाला राखतंय."

कोंडिबाला हे आवडलं. त्याला पोटात गोळी घातल्यासारखं दुखलं, तरी आवडलं. शेडमध्ये हात धुवून मच्छिंद्रनं उरलेल्या बाटल्या उचलल्या आणि पेटीचं झाकण उघडायला हात घातला, आणि मागून सर्जेरावांचा आवाज आला.

"आरं आरं! हात नगं लावू!"

मच्छिंद्र थांबला. सर्जेराव काही वाईट माणूस नव्हते. ते मच्छिंद्रला नेहमी "या कंपाउंडर" म्हणत आणि त्याच्याकडून दंडात सुई घेत. त्यांनी शांतपणे समजावलं. "तसं न्हाई रं. दवाखान्यात सरकारचा कायदा, तिथं आमी काय म्हंतो का? पर ह्या पेटीत देवाचा बर्फ व्हतो. बिरूबाला जातो त्यो. मला बी जातो. उद्या कुणी काय म्हणाय नगं."

"मी पोटात सुई घातली त्ये चालतं, आन् पेटीत हात घातलेला न्हाई?" मच्छिंद्रनं विचारलं.

"पोट त्येचं सोताचं हाय. पेटी गावाची हाय."

मच्छिंद्रनं बाटल्या कोंडिबाच्या हातात दिल्या. "तुमी ठिवा, आबा. पर ह्या गार ऱ्हायल्या पायजेत. मी म्हंतो म्हणून न्हाई, डाक्टर म्हंतो म्हणून."

तेवढ्यावर भागलं असतं. पण तिथं उभा असलेला पुजारी हौसराव म्हणाला, "आन् त्ये मेंढराचं भेजं, त्ये देवाच्या बर्फाजवळ? आन् सरपंच तर माळकरी." सर्जेरावांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडं गेला. ते म्हणाले, की मग असं करू, यंत्रच माझ्या रानात हलवू, तिथं हा घोळ नको. प्रोफेसरांना मी सांगतो.

कोंडिबाच्या पोटरीपेक्षा हे खोल लागलं. यंत्र गेलं की तिसरा तुकडा गेला, शेडचं दार गेलं, तांब्या गेला. त्यानं डोकं चालवलं. जन्मात फारशी संधी न मिळालेलं डोकं ते. चाललं की थांबेना.

"असं करू," तो म्हणाला. "बाटल्या रातच्याला पेटीत. पर उजाडायच्या आत, बर्फ काढायच्या आदी, मी माज्या हातानं त्या भाईर काढून ठिवतो. पेटी वल्या फडक्यानं पुसतो. मग देवाचा बर्फ काढा. मच्छिंदर आला की भाईरच्या भाईर टोचंल. त्येचा हात न्हाई, भेज्याचा इटाळ न्हाई. काय, हौसराव?"

हौसराव म्हणाला, हे शास्त्राला धरून आहे. कुठल्या शास्त्राला ते कोणी विचारलं नाही. सर्जेराव म्हणाले, "बघा, मान्सानं ठरवलं तर मारग निघतो." मच्छिंद्र सायकलवर बसत होता. तो म्हणाला, "भाईर म्हंजी कुठं? उन्हात?"

"शेडच्या खिडकीत ठिवतो. वारं लागतंय तिथं."

"वारं?" मच्छिंद्र म्हणाला. "तिथं तर भाकर भाजंल, आबा. निदान बर्फाचा येक खडा घाला डब्यात. तुमचाच घाला, तिसरा."

तिसरा खडा म्हणजे काय, हे सायकलवरच्या माणसाला कुठून कळणार? मच्छिंद्रनं पायडल मारलं. पुन्हा तो त्याविषयी बोलला नाही. सांगितलं तर भांडण, टोचलं नाही तर नोकरी जायची. त्यानं टोचायचं ठरवलं.

पुढचे सगळे दिवस कोंडिबानं हे व्रतासारखं पाळलं. पहाट फुटायच्या आत उठायचं, बाटल्यांचा डबा काढून पूर्वेच्या खिडकीत ठेवायचा, पेटी पुसायची, हौसरावाला हाक मारायची. मच्छिंद्र दुसरी गावं करून ऊन चढल्यावर यायचा. तोवर डबा हाताला चटका देई. उरलेल्या बाटल्या परत पेटीत जात, पण बर्फ काढून नेल्यावर पेटी म्हणजे नुसतं लाकूड; संध्याकाळी चाक फिरवेपर्यंत तीही तापलेलीच. रात्री बाटल्या गारठायच्या, दिवसा शिजायच्या. कोंडिबाचा विचार साधा होता: रात्री गार होतात ना? मेंढरूसुद्धा दिवसा तापतं आणि रात्री निवतं, म्हणून मरत नाही.

डबा उघडताना मच्छिंद्रच्या बोटांना ऊब लागे. तो तशीच सुई भरे. एकदा फक्त म्हणाला, "आबा, बर्फ कसा हाय आज देवाचा?"

"झ्याक."

"मग झालं."

चौदावं झालं. कोंडिबाचं पोट भोपळ्यासारखं सुजलेलं. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "औषध गार ठेवलं होतं ना?"

"व्हय साहेब. बिरूबाच्या बर्फात."

डॉक्टर खूश झाला. त्यानं मच्छिंद्रकडं बघितलं. मच्छिंद्र खिडकीबाहेर बघत होता.

वैशाखात यंत्राला दिवस बरे आले. मुंबईहून एक मंत्रीसाहेब बघायला येणार असं ठरलं. प्रोफेसर दोन दिवस आधी येऊन पत्रे चकचकीत करून गेले. माळावर मांडव पडला. आणि पुन्हा प्रश्न: मंत्र्यांच्या हस्ते पहिला ग्लास कुणाला? बिरोबा मांडवात येणार नव्हता, त्यामुळं एक जागा वर सरकली होती. सर्जेरावांनी नवा फेटा आणला.

कोंडिबाला त्या दिवसांत झोप लागत नव्हती. पोटरीतली भरलेली जखम आतून मुंग्या आल्यासारखी चावत होती. उगाच राग येई. ताईबाईनं पंख्यानं वारा घातला तर गळा आवळल्यासारखा होई. त्यानं पंखा हिसकून चुलीत घातला. समारंभाच्या सकाळी तिनं चहाची बशी पुढं केली. बशी ओठापाशी आली आणि घशात काहीतरी गपकन मिटलं, दाराला आतून अडसर घालावा तसं. चहा धोतरावर सांडला.

"आवं, काय झालं?"

"काय न्हाई. घसा बसलाय."

"पाणी तरी घ्या."

पाण्याच्या नुसत्या नावानं ते पुन्हा झालं. कोंडिबा भिंतीला टेकला. डॉक्टरचं बोलणं त्याला आठवलं, आठवू नये म्हणून त्यानं जोर लावला, आणि मग त्याला कारण सापडलं. "मी आज उपाशी हाय," तो म्हणाला. "बर्फाचा ग्लास घिऊनच सोडीन."

ताईबाईनं ते शेजारी सांगितलं, शेजारनं मांडवात. मांडवातनं ते मंत्र्यांच्या कानावर गेलं, की ज्याचं रान, तो म्हातारा मेंढपाळ कालपासून पाण्याचा थेंब न घेता बसलाय. मंत्री मुरलेले होते. प्रोफेसरांचं भाषण संपलं, सूर्य कसा अमोनियाच्या टाकीत कोंडला आहे ते सगळ्यांना पुन्हा एकदा न कळता कळलं, आणि मंत्री माईकवर म्हणाले, "पहिला ग्लास त्या मेंढपाळ बाबांना. मी माझ्या हातानं देणार."

मांडवात टाळ्या पडल्या. सर्जेराव नव्या फेट्यासकट टाळ्या वाजवत होते; त्यांचे हात टाळ्या वाजवत होते, तोंड वेगळंच काही करत होतं. कोंडिबाला धरून वर नेलं. त्याचे डोळे लाल, अंग थरथरत. लोक म्हणाले, भरून आलंय म्हाताऱ्याला.

आणि त्याला खरंच भरून आलं होतं. सगळी वाडी खाली बसलेली, तो वर. पहिला. साक्षात पहिला. अशी तहान त्याला कोकणातल्या घाटातही लागली नव्हती. जीभ चामड्यासारखी झाली होती. काचेचा ग्लास समोर आला. आत बर्फाचा खडा काचेवर किणकिणला, थेंब बाहेरून ओघळला. कोंडिबानं दोन्ही हात पुढं केले.

मग त्याचा गळा फिरला. मान मागं ओढली गेली, छाती भात्यासारखी उडाली आणि तोंडातून एक आवाज निघाला, जो मांडवातल्या लोकांनी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्याच्या हाताचा फटका ग्लासला बसला. पाणी आणि बर्फ मंत्र्यांच्या खादीवर, कोंडिबाची लाळ प्रोफेसरांच्या बुटावर.

"कोंडिबा!" सर्जेराव ओरडले. "पाव्हण्याच्या अंगावर? हेच्यासाठी दिला व्हता का मान?"

दोन पोलीस पुढं झाले. मांडवाच्या कडेला, सायकल धरून उभा असलेला मच्छिंद्र ओरडला, "धरू नगा त्याला! लाळ लागंल! कुत्र्याचं हाय त्ये!"

मांडव मधोमध फाटल्यासारखा झाला. अर्धे लोक इकडं, अर्धे तिकडं, मध्ये कोंडिबा. मंत्री खादी झटकत जीपकडं गेले. जाताना म्हणाले, "योग्य ती व्यवस्था करा." प्रोफेसर त्यांच्या मागं. त्यांनी एकदा वळून यंत्राकडं बघितलं. यंत्राला काही झालं नव्हतं.

योग्य ती व्यवस्था म्हणजे शेड. बाहेरून कडी असलेली ती एकच जागा होती. डॉक्टर येऊन बघून गेला. म्हणाला, पुण्याला नेऊन उपयोग नाही, रस्त्यातच त्रास होईल. कोणी जवळ जाऊ नका. आधी बर्फ बाहेर काढला, मग कोंडिबाला आत घातलं.

दुसऱ्या दिवशी शेडच्या उघड्या खिडकीपुढं गाव उभं होतं, हातभर अंतर राखून. ताईबाई उंबऱ्याशी बसून होती. तिला चौघांनी धरून ठेवलं होतं. आत कोंडिबा भिंतीला टेकून बसला होता. झटका आला की भेसूर, गेला की अगदी शहाणा. हा रोग एवढा सज्जन, की माणसाला शेवटपर्यंत सगळं कळत ठेवतो. शेजारी अमोनियाचा वास होता, आणि झटके नसले की त्याला वाटे आपण वाडग्यात आहोत. बाकी सगळी तहान होती.

"पाणी," तो म्हणाला, आणि त्या शब्दानंच आवळला गेला.

"कुणीतरी जा रं आत," ताईबाई म्हणाली. "घशात दोन थेंब घाला. सर्जेराव, तुमी लहानपणी त्येंच्या खांद्यावर बसून जत्रा बघितली की!"

सर्जेरावांनी जत्रा बघितली होती हे कबूल केलं, पण जागचे हलले नाहीत. हौसराव म्हणाला, आतला वास त्याला सोसत नाही. मग मच्छिंद्रनं सायकल लावली, हाताला रबराचे मोजे चढवले, पेल्यात पाणी घेतलं, खिशातला रुमाल भिजवला आणि कडी काढून आत गेला. कोणी त्याला आरं आरं म्हणालं नाही.

तो समोर उकिडवा बसला. "आबा, ओळखलं का?"

"मच्छिंदर." कोंडिबाचा आवाज घासल्यासारखा. "मग ती चौदा?"

मच्छिंद्रला खोटं बोलता आलं असतं. "पाणी घेतलं तुमी पोटात, आबा. चौदा दिस. खिडकीतल्या उन्हानं औषध पयल्या दोन दिसांतच मेलं."

"तू बोलला न्हाईस."

"येकदा बोललो. येकदाच बोलायचं ठरवलंवतं."

कोंडिबा त्याच्याकडं बघत राहिला. मग त्याची नजर पेल्याकडं गेली. त्या पेल्यासाठी त्यानं माळ दिला असता, यंत्र दिलं असतं, बिरोबाचा तुकडासुद्धा ओढून घेतला असता. कुणाचा हात आहे, कुणाचा पेला आहे, त्याच्या डोक्यात काही नव्हतं. "दे," तो म्हणाला, आणि तोंड उघडलं. मच्छिंद्रनं ओला रुमाल ओठापाशी नेला.

ओल ओठाला लागली आणि आतून तो अडसर पडला. मान मागं आपटली, हात उडाला, पेला भिंतीवर जाऊन आदळला. मच्छिंद्र मागं सरकला.

खिडकीशी सर्जेराव हळूच म्हणाले, "बघितलंत?"

"काय?"

"घेतलं न्हाई. मरायला टेकला, पर त्येच्या हातचं घेतलं न्हाई."

लोकांनी आत बघितलं. खरंच, पेला भिंतीशी पडलेला, पाणी जमिनीत जिरलेलं. हौसरावानं हात जोडले. "धरम राखला म्हाताऱ्यानं."

"आरं त्येस्नी गिळवंना!" ताईबाई किंचाळली. "त्ये मागत्यात! आवं, सांगा की ह्यांस्नी!"

"येडी हाय ती. दुःखानं बोलती," कोणीतरी म्हणालं.

मच्छिंद्र उठून खिडकीकडं आला. "त्यो 'दे' म्हणाला, मी ऐकलं."

"तू तर म्हणणारच," सर्जेराव समजुतीनं म्हणाले. मग त्यांनी आवाज चढवला, आत ऐकू जाईल एवढा. "कोंडिबा! आमी काल बोललो, त्ये मनावर घिऊ नगा! सगळ्या वाडीदेखत सांगतो, हितनं पुढं पयल्या बर्फाचा मान कोकऱ्यांच्या घराचा! बिरूबा झाला की तुमी! मी तिसरा!"

"कोंडिबाच्या नावानं..." हौसरावानं सुरुवात केली, आणि बाहेर चांगभलं झालं.

आत कोंडिबाला सगळं ऐकू आलं. त्याला ओरडून सांगायचं होतं की गाढवांनो, मला प्यायचं आहे, त्याच्याच हातचं प्यायचं आहे. त्यानं तोंड उघडलं, पण त्यातून नुसता फेस आला. त्याची नजर मच्छिंद्रकडं गेली. मच्छिंद्र जमिनीवरचा पेला उचलत होता.

आणि खरं सांगायचं तर, पुढचा झटका यायच्या आधी, क्षणभर, कोंडिबाला बरंही वाटलं.